रेडिएटर बसवताना पाना कुणी धरला?

रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची, हे आम्हा ट्रकवाल्यांचं घरगुती औषध. हळद फुगते आणि बारीक भोकं बुजतात. मीही पहाटेच्या अंधारात स्वयंपाकघरातून डबा उचलला, मूठ भरली आणि टाकली. मोशीच्या चढावर पाणी उकळलं, मी झाकण उघडलं... आणि रस्त्याकडेला न्याहारी करणारी माणसं भाकरी टाकून खोकत सुटली. डबा तिखटाचा होता.

हे आधीच सांगतोय, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला फार शहाणा समजू नये. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. आमच्या चाकणला अमावास्येला लोक वेशीबाहेर जायला बिचकतात, तेव्हा मी मुद्दाम विडी ओढायला तिकडे जायचो. तरीही जे घडलं ते घडलं.

माझा ट्रक लढाईतला, मिलिटरीच्या डिस्पोजलमध्ये, म्हणजे जुन्या मालाच्या विक्रीत, घेतलेला. तिखटाच्या दिवशी त्याला घरी आणलं ते दादांच्या बैलांनी. दादा म्हणजे माझे थोरले बंधू, घरची शेती तेच बघतात. पुढे बैल, मागे ट्रक आणि स्टेअरिंगवर मी — अशी आमची मिरवणूक भर बाजारातून निघाली.

दारात दादा म्हणाले, "ह्ये शेवटचं. पुन्यांदा माझ्या बैलांनी ह्ये धूड वढलं, तर भंगारात घालायचं. अन् तू औत धरायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार... बैल त्यांचे होते.

तेव्हा पिंपरीच्या माळावर एका नव्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं आणि विटांची खेप मी घेतली होती. दोन दिवसांत माल पोचवायचा होता. घरात सगळे हसत होते. आमची मंडळी, सरू, तेवढी म्हणाली, "औत कुनीबी धरंल. गाडी ह्या घरात एकच मानूस चालवतो."

मग मी खडकीकडे जाऊन, डिस्पोजलच्या ढिगातून आमच्याच जातीच्या ट्रकचा एक रेडिएटर शोधून आणला. जुना, पण जाळी शाबूत. वर पांढऱ्या रंगात पुसट इंग्रजी आकडे होते. तो ज्या गाडीचा होता ती कुठे लढली, कोण चालवत होता, देव जाणे.

रेडिएटर बदलणं एकट्याचं काम नाही. जुना काढणं सोपं, तो पडायलाच आलेला असतो. नवा बसवताना मात्र बोल्ट वरून घालायचा आणि नट चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, खालून आवळायचा. वर कुणीतरी पाना लावून बोल्टचं डोकं घट्ट धरावं लागतं, नाहीतर खाली नट फिरवला की वर बोल्टही गरगर फिरतो. माझा जोडीदार, चुलतभाऊ, नेमका सासुरवाडीला गेलेला. भर दुपारी मी पाठीवर सरकत गाडीखाली शिरलो. तेवढ्यात पावलं वाजली आणि बोल्टावर पाना बसल्याचा आवाज आला.

मला वाटलं, सरू आली. म्हटलं, "धर गं. सोडू नकोस."

नट आवळला. बोल्ट तसूभर हलला नाही. मी वॉशर मागितला; फटीतून वॉशर आला. मी खूश. आणि मी खूश झालो की बोलत सुटतो. दादांची नक्कल केली, बैलांची केली, मग स्वतःची तारीफ बरीच केली. शेवटी म्हणालो, "खरं सांगू का सरू, तू बोललीस म्हणून हिंमत केली. नाहीतर कालच मी औत धरलं असतं. तुझ्यासारखं मागं उभं राहणारं माणूस फार थोड्यांना मिळतं."

वरून उत्तर नाही. म्हटलं, लाजली.

दुसऱ्या बाजूचा नट लावायला घेतला तर वर चासीवर पान्याने टक... टक. "काय गं?" पुन्हा टक टक. मी वैतागून फटीत हात घातला, तर रेडिएटरच्या या पायाखाली रबरच नाही. जुन्या ट्यूबचा कापलेला दुसरा तुकडा माझ्या खिशातच राहिला होता. लोखंडावर लोखंड तसंच आवळलं असतं, तर पहिल्या खड्ड्यातच पाय तडकला असता. रबर सरकवलं, टकटक थांबली. "शाबास," मी म्हणालो.

काम संपवून बाहेर आलो. अंगणात कुणी नव्हतं. पाना शेवटच्या बोल्टावर तसाच अडकवलेला. आणि समोरून, डोक्यावर धुण्याचं ओलं बोचकं घेऊन, सरू येत होती.

"तू कधी गेलीस?"

"सकाळधरनं वढ्यावर हाय की. का?"

तेव्हा मला आठवलं, एवढ्या वेळात बांगड्या एकदाही वाजल्या नव्हत्या. मी रेडिएटरमध्ये पाणी भरलं. एक थेंब गळला नाही.

दुसऱ्या दिवशी विटा भरून निघालो. इंद्रायणीचा पूल ओलांडला, मोशीचा चढ लागला, तर कडेला दादा बैल जुंपूनच उभे. बंधुप्रेम म्हणतात ते हेच. मी हॉर्न दिला आणि थांबलो नाही. ट्रक गुरगुरत वर चढला, वाफेचा मागमूस नाही. विटा वेळेवर उतरल्या. परत आलो तेव्हा दादा पारावर चार लोकांना सांगत होते, "आमच्या धाकल्यानं समदं एकट्यानं बशिवलं. मिस्त्री न्हाई, कुनी न्हाई." त्या दिवशी माझी छाती सदऱ्यात मावेना, पण "एकट्यानं" या शब्दाला जरा अडखळली.

पुढे एका मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, पाना चासीला अडून बसला असेल. बसला असेल. पण एका बोल्टावरून दुसऱ्यावर तो गेला कसा, वॉशर कुणी दिला, टकटक कुणी केली... त्यावर त्याने विडी पेटवली. ट्रक आजही धावतो आहे, रेडिएटर तोच आहे.

विटा पोचवून आलो त्या संध्याकाळी सरूला सगळं सांगितलं. गाडीखाली मी काय काय बोललो, तेही. ती घाबरेल असं वाटलं होतं. तिने भाकरी उलटली.

"म्हंजी लग्नापास्नं एकदा माझं कवतिक केलंत," ती म्हणाली, "अन् ते बी भलत्याच कुनापुढं. सांगा आता परत. मी हितंच हाय."