मुख्य विधान पहिल्या पानावर की शेवटी?

1. आज नेपियर टाउनला मामांकडे जाऊन मामेबहीण रेवाच्या कॉलेजच्या निबंधाचा आराखडा तपासला.
2. विषय आहे इथल्याच एका कारखान्यातला आवाज आणि कामगारांचे कान.
3. "हे बहिरेपण टाळता आलं असतं" हे मुख्य विधान तिनं शेवटी ठेवलं होतं. ते पहिल्या परिच्छेदात घे, असं मी सांगितलं.

"ताई, बाबा पहिलं पानच वाचतात," ती हळूच म्हणाली.

मामा त्याच कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांचे कान गेले, पण कारखान्याचा अभिमान गेला नाही.

तेवढ्यात ते दारातून ओरडले, "काय बोलून राहिल्या पोरींनो? जोरात बोला नं!"

रेवानं आराखडा मिटून ठेवला.

विधान आधी यावं, हा नियम मला मान्य आहे. तरी आराखडा अजून तसाच आहे. निबंध शनिवारी द्यायचा आहे. तुम्ही विधान कुठे ठेवाल? कृपया शुक्रवारपर्यंत कळवा.