पारड्यावरचं बोट

काल वाण्याने गुळाची ढेप फोडली आणि त्या वासासरशी मी पंचवीस वर्षं मागे, कल्याणच्या आमच्या घरातल्या बाळंतिणीच्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

आमची पहिली मुलगी आठव्या महिन्यातच अवतरली, तिसऱ्या घंटेआधीच रंगमंचावर यावं तशी. अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई दर गुरुवारी ठाण्याहून तराजू घेऊन येत. पहिल्याच दिवशी माझी आई कडाडली, "पोर काय भाजी आहे तोलायला? दृष्ट लागेल!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "नवसाला गूळतुला करता ना, आई? तशीच करू."

आई उठून गूळ घेऊन आली. एका पारड्यात कापसात गुंडाळलेली पोर, दुसऱ्यात गूळ. मग बाई त्या गुळाचं वजन वहीत लिहीत आणि आई तो आळीत वाटे.

तीन गुरुवार गूळ वाढत गेला. चौथ्या गुरुवारी मागच्याइतकाच गूळ ठेवला, तर पोरीचं पारडं वर गेलं. आईने हळूच त्यावर बोट टेकवलं. "झालं की बरोबर. लिहा."

मला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आईचं बोट अलगद बाजूला केलं आणि गुळाचा एक खडा काढून घेतला. "खोटं लिहिलं, तर पुढच्या पोराला कशी वाचवू, आई?"

रविवारी पोर गेली.

तेव्हा मला त्यात आईची लबाडी दिसली होती. आता वाटतं, ती त्या एका बोटाने नातीला खाली, आमच्यात, धरून ठेवत होती.