बाळाची झोप आणि म्हशीची धार

तिन्हीसांजेला झोपू नये हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त आमच्या सात महिन्यांच्या बाळाला नव्हतं. कळंब्याला आमच्या दारात दिवे लागायला आले की ते पेंगायला लागायचं. सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, कडेवर घेतलं की संपलंच. मग मध्यरात्रीपर्यंत साहेब टक्क जागे आणि आम्ही नवरा-बायको आळीपाळीनं गस्तीवर.

माझी रजा संपत आली होती. शाळा जयसिंगपूरला, सकाळची पहिली एसटी धरायची. असल्या जागरणावर वर्गात उभी राहणार कशी? नोकरी सोडावी लागणार, हे मी मनात जवळजवळ पक्कं केलं होतं आणि त्याचं मला रडू येत होतं. मोबाईलवर वाचून मी केलेले सगळे प्रयोग त्या पोरानं हाणून पाडले होते.

मामा, म्हणजे माझे सासरे, हे सगळं गोठ्यातून बघत होते. त्यांची एकच म्हैस, पण तिची संध्याकाळची धार म्हणजे देवपूजा. आमचं लग्न गोरज मुहूर्तावर लागलं, तर अक्षता पडल्या पडल्या नवरदेवाचे वडील फेट्यासकट गोठ्यात. वेळेवर धार आणि वेळेवर डेअरी, यात त्यांनी कुणाचं ऐकलं नव्हतं.

एका दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी बाळाला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाले, "जनावराची येळ एकदम बदलत न्हाईत, पोरी. रोज जरा जरा सरकवायची. ह्येचं बी तसंच करू की."

तेव्हापासून ते रोज दुपारी बाळाला खांद्यावर टाकून परड्यात फेऱ्या मारायचे. झोप रोज थोडी अलीकडे यायला लागली. खरी परीक्षा तिन्हीसांजेची. तेव्हा त्याला जागं ठेवायला कुणीतरी मोकळं हवं होतं. आत्या चुलीपाशी, नवरा कारखान्यात, आणि मी उद्यापरवा एसटीत. मोकळं असं कुणीच नव्हतं. मग मामांनी धारच पुढं ढकलायला घेतली, तीही रोज जरा जरा. म्हशीला ते पसंत नव्हतं. तिनं दोनदा बादली लाथाडली. मामांनी बादली उचलली, धुतली आणि परत बसले. मला तर त्या माणसाच्या चिकाटीपुढं हात जोडावेसे वाटले.

धार उशिरा, म्हणून मामा तिन्हीसांजेला मोकळे. ते बाळाला घेऊन फाटकाशी उभे राहायचे. हलवणं नाही, खुळखुळा नाही. येणारी-जाणारी गाडी, कुत्रं, माणूस दाखवायचे आणि प्रत्येकाबद्दल गंभीरपणे काहीतरी सांगायचे. मी घरी पोचले की बाळ माझ्याकडे आणि बादली त्यांच्याकडे, असं ठरलं.

मी रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी परतीची एसटी हातकणंगल्याजवळ बंद पडली. दुसरी मिळेपर्यंत अंधार पडला. वाटेत एकच विचार, आता बाळ झोपलं असणार, रात्र गेली, नोकरीही गेली. आणि मामा धार काढत असतील, काढायलाच हवी, डेअरी बंद व्हायची वेळ झालीय.

गल्लीच्या तोंडापासूनच म्हशीचं हंबरणं ऐकू आलं. फाटकात मामा उभे होते. त्यांच्या कडेवर बाळ, डोळे सताड उघडे.

"मामा, डेअरी?" मी विचारलं.

"झाली की बंद," ते म्हणाले. "घे तुझं पोरगं. म्हस लई येळ बोंबलालीय."

ते बादली घेऊन गोठ्यात गेले. त्या रात्री आत्यांनी सगळ्या दुधाची बासुंदी आटवायला ठेवली. ती आटायच्या आत बाळ झोपलं होतं.