डेल्फीला उभ्याने विचारलेला प्रश्न

२००९ च्या मे महिन्यात, ग्रीसमधल्या डेल्फी येथे, अपोलोच्या देवळाच्या अवशेषांपुढे गुडघे टेकायला मी नकार दिला. आम्ही कॅनडातल्या लंडनहून विद्यापीठाच्या अभ्याससहलीला आलेले विद्यार्थी होतो. सहलीला मार्क होते. त्यांत नापास झाले तर जूनमध्ये माझी पदवी अडणार होती.

लंडनच्या आसपास डोंगर नाही. चढाईचा सराव आम्ही हिवाळाभर वसतिगृहाच्या जिन्यांवर केला, सॅकमध्ये जाडजूड पुस्तके भरून. डेल्फीला पहिल्या दिवशी जुन्या पायवाटेने कडा चढून वरच्या पठारावर गेलो, तिथून डोंगरातल्या एका प्राचीन गुहेपर्यंत. खाली परतल्यावर प्राध्यापिकांनी दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम सांगितला. प्रत्येकाने प्राचीन यात्रेकरू व्हायचे, देवळापुढे गुडघे टेकून वाकायचे आणि देवाला एक प्रश्न विचारायचा. उत्तर देवाच्या पुजारिणीच्या वतीने त्या देणार होत्या.

मी त्यांना बाजूला गाठून सांगितले की मला हे जमणार नाही. आम्ही बौद्ध. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आमच्या घरात कोणत्याही देवापुढे वाकत नाहीत, नाटकातही नाही. माझ्या आजोबांना नागपूरजवळच्या त्यांच्या गावात देवळाच्या पायरीपर्यंतही येऊ देत नसत. प्राध्यापिकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, हा अभिनय आहे, श्रद्धा नव्हे. शिवाय जूनमध्ये पदवी घेताना तू कुलपतींपुढे गुडघे टेकणारच आहेस. आमच्या विद्यापीठाची ती जुनी प्रथा होती. तिथेही टेकणार नाही, असे मी सांगितले. मग उद्याच्या सादरीकरणाला शून्य द्यावे लागेल, असे त्यांनी सांगितले.

टोरोंटोतल्या एटोबिकोला घरी फोन केला. आई ग्रॅज्युएशनचे काय, ग्रॅज्युएशनचे काय, असे विचारत राहिली. बाबांनी फोन घेतला.

"वाकू नको. डिग्री पुढच्या वर्षी घेऊ."

सकाळी देवळाकडे चढताना माझी रूममेट बरोबर होती. ती पुण्याहून इंजिनिअरिंगला आलेली, हा विषय तिने ऐच्छिक म्हणून घेतला होता. तिच्या कानावर सगळे आले होते.

"अगं, चिल. ड्रामा आहे हा," ती म्हणाली. "दगडापुढे वाकलीस तर काय होणारे?"

"दगडच आहे तर वाकायचं कशाला?"

ती हसली आणि पुढे गेली. देवळाशी पोचताच तिने सवयीने बूट काढून कडेला ठेवले. पहारेकरणीने शिट्टी वाजवून ते परत घालायला लावले. माझाही हात लेसपर्यंत गेला होता. विहारात आम्हीही पादत्राणे बाहेरच काढतो.

अवशेषांना दोर लावलेला होता. दोराच्या अलीकडे, रस्त्याच्या फरसबंदीवर एकेक जण गुडघे टेकून प्रश्न विचारू लागला. नोकरी लागेल का, टोरोंटोचा लीफ्स संघ हॉकीचा कप जिंकेल का, असे प्रश्न होते. रूममेटने व्हिसाचे विचारले. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले.

"या देवळात कोणाला प्रश्न विचारू देत नव्हते?"

प्राध्यापिका पुजारिणीचा आवाज सोडून वर्गातल्या आवाजात बोलल्या. बायकांना, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. आपला प्रश्न पुरुषाकरवी विचारावा लागे. मात्र भविष्य सांगणारी बाईच होती.

रूममेट अजून गुडघ्यांवरची धूळ झटकत होती.

"म्हणजे आपल्याला पण नाही?" तिने मराठीत विचारले.

"तुला आज कळलं."

शून्य मिळाले. परतल्यावर निबंध द्यायचा होता, तो मी त्याच प्रश्नावर लिहिला. त्याला बरे मार्क पडले आणि विषयात मी काठावर पास झाले.

जूनच्या पदवीदानात व्यासपीठावर उशी ठेवलेली होती. माझ्या आधीचे सगळे तिच्यावर गुडघे टेकून पुढे गेले. आई-बाबा प्रेक्षागृहात होते. माझे नाव पुकारले गेले. मी उशीमागे उभी राहिले. कुलपतींनी हात उंचावून हूड, पदवीचा तो रंगीत पट्टा, माझ्या गळ्यात घातला.