आजार नसलेल्या बायांचा वॉर्ड

आमच्या नर्सिंग कॉलेजचा दवाखाना फक्त कमिटीच्या दिवशी भरायचा. एरवी पलंग रिकामे, गाद्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच. नर्सिंगची पदवी द्यायची तर कॉलेजचा स्वतःचा चालता दवाखाना हवा, हा नियम. तो चालतो का हे बघायला बाहेरून कमिटी येणार, हाही नियम. कमिटी कधी येणार हे कॉलेजला आधीच कळतं, हे मात्र कुठंही लिहिलेलं नाही, आणि पाळलं जातं ते तेवढंच.

मी शेवटच्या वर्षाला होते. वसतिगृहाच्या पाण्यावर, रखडलेल्या स्कॉलरशिपवर पत्रकं लिहून लिहून मॅडम लोकांत माझं नाव आधीच खराब झालेलं. त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण अंतर्गत मार्क त्यांच्यातल्याच प्रॅक्टिकलच्या मॅडमच्या हातात होते आणि परीक्षा तोंडावर होती. नापास झाले तर सहा महिने घरी बसायचं. घर पुसेगावकडं, आणि तिथं सगळं गणगोत माझं लग्न उरकायला टपून बसलेलं.

त्या सकाळी टेम्पो आला. हट्टा गावाकडच्या बाया उतरल्या. काही शेतात मजुरीला जाणाऱ्या, काही मेंढरंवाल्या. दिवसभर निस्तं झोपायचं, जेवण आणि दिवसाची मजुरी मिळणार, एवढंच त्यांना सांगितलेलं. आम्ही त्यांना हिरवे गाऊन घातले आणि पलंगांना केसपेपर अडकवत सुटलो.

"मला काय झालंय गं पोरी?" खिडकीजवळच्या मावशीनं विचारलं.

मी वाचलं. "कावीळ."

"मागल्या बारीला टायफाइड व्हता. आता कावीळ काहून?"

शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. "माझा तेवढा बदलून दे, माय. टीबी नको मला. लेकीची सोयरीक चालू हाय, कुनाच्या कानावर गेलं तर मोडंल."

"मंग माझी कावीळ घे तू," मावशी म्हणाली. "माझ्या लेकी नांदून राहिल्या. मला टीबी चालतो."

अख्खा वॉर्ड हसला. मीही हसले.

केसपेपर बदलायच्या आतच प्रॅक्टिकलच्या मॅडम ट्रे घेऊन आल्या. "पुढच्या पलंगांना सलाईन लाव. खरं लाव. मागच्या वेळी नुसत्या नळ्या चिकटवल्या होत्या, कमिटीतल्या एका सरांनी पट्टी उचलून बघितली."

"मॅडम, यांना काहीच झालेलं नाही."

"सलाईननं कुणी मरत नाही. हेच तुझं प्रॅक्टिकल समज. चल, हात चालव."

ट्रेमध्ये कोऱ्या सुया होत्या. सरावाला मागितल्या की एकच सुई वर्गभर फिरायची, तीही रबराच्या हातावर. ढोंगाला मात्र मूठभर निघाल्या. माझं डोकं फिरलं.

पहिल्या वर्षी आमच्याकडून एक गोष्ट घोकून घेतली होती. पेशंटला हात लावण्याआधी आपण काय करणार ते त्याला कळेल अशा बोलीत सांगायचं. दुखणार असेल तर तेही सांगायचं. त्यानं हो म्हटलं तरच पुढं जायचं. हे शिकवलं याच मॅडमनी, आणि फार चांगलं शिकवलं होतं.

मी हात धुतले, मावशीच्या पलंगाशी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सुरू केलं. "मावशी, मी तुमच्या हाताच्या शिरेत सुई घालणार हाय. दुखंल. थोडं रक्त येईल. एखाद्या वेळी शीर सुजती, थंडी वाजून तापही येतो. तुमाला कावीळ न्हाई, टीबी न्हाई, काहीच न्हाई. तरी घालायची, कारण येणाऱ्या सायबांना दाखवायचं हाय. तुमची हो हाय का?"

मावशीनं हात गाऊनमध्ये ओढला. "न्हाई बा! मेंढराला बी बिमारी असल्याबिगर सुई देत न्हाईत."

"हो नसेल तर मी लावू शकत नाही," मी म्हटलं आणि पुढच्या पलंगाशी जाऊन तेच सगळं बोलले. तिथंही न्हाई. त्याच्या पुढची तर चपला शोधायला लागली.

"काय चाललंय हे?" मॅडम ओरडल्या.

"तुम्ही शिकवलेलं करून राहिले, मॅडम."

"इथं पत्रक वाचायचं नाही!"

"पत्रक छापून येतं, मॅडम. हे तोंडपाठ आहे."

मॅडमनी ट्रे माझ्या रूममेटच्या हातात कोंबला. ती बिचारी एकदा माझ्याकडं, एकदा पलंगांकडं बघत राहिली. बायांनी पांघरुणं गळ्यापर्यंत ओढलेली. "मॅडम, त्या हातच बाहेर काढत नाहीत," ती म्हणाली.

कमिटी आली. एका सरांनी मावशीला विचारलं, काय होतंय? "टीबी," मावशी ठसक्यात म्हणाली. सरांनी केसपेपर उचलला, कावीळ वाचली, जागेवर अडकवला आणि चहाला गेले.

कॉलेज पास झालं, मी नापास.

वडिलांना फोन केला. ते मेंढरांमागं होते, सगळं ऐकून घेतलं. "तुला सुई नीट टोचता येती का न्हाई?"

"येते."

"मंग बस पुन्यांदा. हिकडचं मी बघतो." त्यांनी बघितलं. एक स्थळ दारातूनच परत गेलं.

सहा महिन्यांनी मी पास झाले. कागदपत्रं आणायला कॉलेजात गेले तर खाली टेम्पो उभा. पुन्हा कमिटी. मी सरळ बायांच्या वॉर्डात घुसले आणि एकेक पट्टी उचलून बघितली. नळ्या चिकटवलेल्या, सुई एकीलाही नाही. मॅडम दारात उभ्या होत्या. "झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

सहा महिने घालवून मी एवढंच मिळवलं की त्या बायांना कुणी टोचत नाही. वॉर्ड खोटाच आहे. त्यात शिकून बाहेर पडणाऱ्या पोरी उद्या खऱ्या आजाऱ्याला हात लावणार आहेत. म्हणून आता या खोट्या वॉर्डाचं पत्रक लिहिलंय, पण ते कॉलेजच्या गेटवर वाटत नाही. टेम्पो जिथून भरतो त्या गावांत जाते आणि पारावर बसून बायांना वाचून दाखवते.