दिलावरचाचांचं फडकं

शमशादचाचींचा फोन आला तेव्हा मी टॅबलेटवर ॲपच्या चित्रातला बॅटरीचा एक नट मोठा करत बसले होते. "पोरी, चाचा गेलं गं..." एवढंच त्या बोलल्या. त्याला आता दोन महिने होत आले. आष्ट्याचे दिलावर मिस्त्री माझ्या नात्यातले नव्हते. पण घरच्या घरी गाडी दुरुस्त करायला शिकवणारं आमचं ॲप आज चालतंय ते त्यांच्यामुळे, आणि हे मला रडत नव्हे, मिरवत सांगायचंय.

वडिलांनी फौजेतून परतल्यावर घेतलेली जुनी गाडी चाचाच सांभाळायचे. म्हणून ॲपची पहिली चित्रं घेऊन मी उंब्रजहून थेट त्यांच्या गॅरेजात गेले. "म्हंजे लोकं घरीच गाडी खोलणार? माझ्या पोटावर पाय द्यायला माझ्याकडंच आलीस व्हय गं?" म्हणत ते मनमुराद हसले. मग ग्रीसनं माखलेलं बोट त्यांनी पडद्यावर टेकवलं. बटण दबेना. माझी नाजूक बटणं त्याच दिवशी मोडीत निघाली आणि भाकरीएवढी नवी आली. खरा राग त्यांना आला तो शेवटच्या ओळीचा. बॅटरी काढायच्या सगळ्या पायऱ्या मी हौसेनं रंगवल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'बसवताना हेच उलट क्रमाने करा.' "खोलणारं लय हायती. बसवताना माणूस घाबरतंय, आन् तितंच तू हात सोडलास?" मी ओशाळले. त्यांनी खांद्यावरचं लाल फडकं बाकड्यावर अंथरलं. निघालेला प्रत्येक नट डावीकडून उजवीकडे मांडत गेले आणि बसवताना उजवीकडून एकेक उचलत आले. "फडकं रिकामं झाल्याबिगर चावी फिरवायची न्हाई," हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. मी ते फडकंच पडद्याच्या तळाशी काढलं. काढलेला नट तिथं येऊन बसायचा, बसवल्याची खूण केली की नाहीसा व्हायचा.

पुढं चाचांचे हात थरथरायला लागले. पाना धरवेना. गॅरेज बंद झालं. "माझी शमशाद ह्याच्यावर बघून बॅटरी बदलंल, तवाच मी पास म्हणीन," ते म्हणाले. "तिनं जलमात पाना धरला न्हाई." मी हसले, पण ते हसत नव्हते. हातातली सगळी विद्या आपल्याबरोबर मातीत जाणार, याची त्यांना धास्ती होती.

दोन वेळा चाची मध्येच अडल्या आणि दोन्ही वेळा चूक माझ्या चित्रांची होती. तिसऱ्या वेळी चाचा अंगणात खुर्चीवर बसले, तोंड उघडायचं नाही असं कबूल करून. ओठ मात्र सारखे हलत होते. चाचींनी पदर खोचला, कळशी उतरवावी तशी आमच्या गाडीची जुनी बॅटरी बाहेर काढली, नवी ठेवली, तारा जोडल्या आणि चावी घेऊन गाडीत बसल्या. चाचांनी खुर्चीचे हात गच्च धरले. पण चाची पडद्याकडे बघून थांबल्या. "ह्यात अजून एक नट दिसतोय की!" उतरून त्यांनी गाडीशेजारी अंथरलेलं खरं फडकं उचललं, तर बॅटरी जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट घडीत अडकला होता. तो घट्ट बसवला, पडद्यावरचं फडकं रिकामं झालं आणि मग चावी फिरली. इंजिनाच्या वर आवाज चढवून चाचा ओरडले, "पास! पास गं पोरी!" त्या थरथरत्या हातांनी ते टाळ्या वाजवत होते. त्या दिवसाइतका आनंद मला कुठल्या बक्षिसानं झाला नसता.

परवा आष्ट्याला गेले. वाटलं होतं, चाची कोपऱ्यात बसलेल्या असतील. पण गॅरेजचं दार उघडं होतं. शेजारच्या वैनी आपल्याच गाडीत वाकून हवेचा फिल्टर बसवत होत्या, चाची टॅबलेट धरून उभ्या होत्या आणि बाकड्यावर तेच लाल फडकं होतं. वैनींनी शेवटचा नट उचलला. चाचींनी फडकं झटकलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि चाचांच्या खुर्चीकडे वळून म्हणाल्या, "आवं, बघा... रिकामं हाय." मग त्यांनी चावी वैनींच्या हातात दिली.