गिरणीमागची खोली

“ही तर हसते आहे. आजारी वाटत नाही,” शहरातून आलेले देणगीदार म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “जरा रडवेली गोष्ट असलेली दुसरी नव्हती का?”

मुलगी ऐकत होती. एकोणीस वर्षांची. लाजून हसत होती, पाहुण्यांसमोर आमच्या पोरी हसतात तशी. तिला तिथे उभं मीच केलं होतं.

गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात तरुणांसाठी मनाच्या दुखण्याचं केंद्र आहे. मी तिथला कार्यकर्ता. खोली मुद्दाम धानाच्या गिरणीमागे घेतलेली. पोरं पोतं घेऊन येत, भरडून होईस्तोवर मागच्या दारानं आत येऊन बसत. कोणी विचारलं तर सांगायला धान होतं. पागल म्हणायला कोणाला जागा नव्हती. ही मुलगी तशीच यायची. एकदा जीव द्यायला निघून परत फिरलेली.

देणगी चालू राहावी म्हणून पाहुणे यायच्या दिवशी मी पुढच्या दारावर केंद्राच्या नावाचा मोठा फलक लावला. खुर्च्या मांडल्या. गाव गोळा झालं. तिला म्हणालो, “सांग न बाई, त्या दिवशी तुले काय वाटत होतं.”

तिचं हसू गेलं.

“भाऊ, तुमी तं म्हनलं होतं, इथली गोष्ट दाराभाईर नाई जात.”

काय पुटपुटली, पाहुण्यांनी विचारलं. तुमचे आभार मानते, मी सांगितलं.

टाळ्या वाजल्या.

त्यानंतर गिरणीत पोती येत राहिली. खोलीत कोणी आलं नाही. तिचं त्या दिवशीचं पोतं भरडून तसंच पडलेलं. गिरणीवाला विचारी, “न्याले काऊन नाई आलं कोनी?”

शेवटी मीच ते सायकलवर टाकून तिच्या घरी नेलं. आई म्हणाली, बोलत नाही, जेवत नाही. दाराला आतून कडी. मी हाक मारली. आत बांगडी वाजली. बस, तेवढंच. आईला म्हटलं, हिला एकटं सोडू नका.

ओट्यावर बसलो असतानाच फोन आला. पाहुणे पुन्हा येणार होते. तीच मुलगी हवी, आता बरी झालेली. फोटोसाठी.

असल्या आवाजाला मी जन्मभर ‘हो साहेब’ म्हणत आलो.

“नाही,” मी म्हणालो. “ती आभार मानत नव्हती. मी खोटं सांगितलं.” आणि तिचं वाक्य शब्दाला शब्द ऐकवलं. देणगी बंद होईल, ते म्हणाले. होऊ द्या, मी म्हणालो.

दाराआड सगळं ऐकू गेलं असेल. कडी निघाली नाही.

फलक मी उतरवला. रोज त्या ओट्यावर जाऊन बसतो. दार उघडेपर्यंत बसणार. आणि पोरींचं दुःख बघायला पुन्हा कोणी या गावात आलं, तर आधी मी आडवा येईन.